समोरची इमारत उभी राहताना काय बघायचं

रत्नागिरीत मारुती मंदिरच्या अलीकडे माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रस्त्यापलीकडे खाली दुकानगाळे, वर फ्लॅट अशी इमारत चढतेय. डोंबिवलीला असणाऱ्या माझ्या दादाने त्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, आणि ‘जरा लक्ष ठेव रे’ म्हणून ते काम माझ्या गळ्यात घातलंय. असे दादा बऱ्याच घरांत आहेत, म्हणून लिहितोय. मी इंजिनिअर नाही. पण झाकलं जाण्याआधी बघायचं, एवढं एक सूत्र धरलं तर बरंच कळतं.

आधी कागद. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक (महारेरा म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की मंजूर नकाशे आणि पूर्ण करण्याची कबूल केलेली तारीख दिसते. दर तिमाहीला बिल्डरने प्रगतीची माहिती तिथे चढवायची असते. ती उघडायची आणि समोर बघायचं, दोन्ही जुळतंय का. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा आहे, त्यामुळे क्रमांक शोधत बसावं लागत नाही.

नोंदणीकृत करार होईपर्यंत दहा टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत. पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यांवर असतात. राज्याच्या नमुना करारात जोतं पूर्ण होईपर्यंत जास्तीत जास्त ४५ टक्के आणि सगळे स्लॅब होईपर्यंत ७० टक्के अशी मर्यादा आहे. तुमच्या करारातलं हे पान मोबाईलमध्ये ठेवा. दादाला ‘स्लॅब पूर्ण, हप्ता भरा’ असं पत्र आलं, तेव्हा समोर सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, प्लेटा ठोकत होते. मी काऊंटरवरूनच फोटो पाठवला, दादाने तो बिल्डरला पाठवला, हप्ता नंतर गेला. भांडण नाही, आरडाओरड नाही.

फोटो एकाच जागेवरून काढा, म्हणजे आधीच्याशी ताडून बघता येतो. आत जायचं तर सुपरवायझरला विचारून, हेल्मेट घालून. तोंड गोड ठेवलं तर माणसं स्वतःहून सांगतात. इथले तर आदल्या दिवशी ‘काका, उद्या स्लॅब आहे, स्कूटर मागे घ्या’ म्हणून सांगून जातात.

आता खरं काम. पाया खणतात तेव्हा खड्डा बघून घ्या. आपल्याकडे वर जांभा टणक लागतो, पण त्याच्या पोटात बऱ्याच ठिकाणी मऊ, पांढरट-पिवळी माती असते. पाया कशावर टेकलाय हे तेव्हाच दिसतं. नंतर सात पिढ्यांत कुणी बघणार नाही.

त्याहून महत्त्वाची सळई. समुद्राची हवा लोखंडाला सोडत नाही, म्हणून सळईवर काँक्रीटचं जाड कवच लागतं. भारतीय मानक ४५६ मध्ये किनाऱ्यावरच्या हवेला उघड्या काँक्रीटसाठी किमान एम-३० (ही काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी) आणि ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे हेच कवच, सांगितलंय. हे कव्हर राखायला सळईखाली सिमेंटचे छोटे ठोकळे बांधतात. कॉलमची फळी लावायच्या आधी वाकून बघा, ठोकळे आहेत की सळई फळीला चिकटलीय. ठोकळ्याच्या जागी खडी नाहीतर फरशीचा तुकडा सरकवलेला दिसला तर तिथेच बोला. दुसऱ्या दिवशी बोलून उपयोग नाही. वाळू कुठली तेही विचारा. खाडीची वाळू न धुता वापरली तर मीठ आतूनच सळई खायला लागतं. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, असेल तर ती चिंता नाही.

स्लॅबच्या दिवशी ठोकळेच नव्हे, काँक्रीटचे चौकोनी नमुने भरतात का बघा. १५ सेंटिमीटरचे ते चौकोन २८ दिवसांनी दाबून तपासतात. त्याचे अहवाल झेरॉक्सला माझ्याकडेच येतात, पण गिऱ्हाईकाचा कागद वाचायचा नाही, हा या धंद्याचा नियम. तुम्ही मात्र बिल्डरकडे रीतसर मागा.

मग पाणी मारणं. ओलावा किमान सात दिवस टिकायला हवा, मिश्र सिमेंट (राख वगैरे मिसळलेलं) असेल तर दहा. एप्रिलच्या उन्हात कॉलमला गुंडाळलेलं गोणपाट दुपारी दोनला ओलं आहे का, एवढं बघा. सकाळी सगळेच ओले असतात.

खाली गाळे असले की आणखी एक गोष्ट. दुकानाला मोकळी जागा हवी म्हणून तिथे कॉलम लांब लांब असतात आणि बीम मोठे. सहा मीटरपेक्षा लांब बीमखालचे टेकू मानकाप्रमाणे २१ दिवस तरी राहायला हवेत. गाळ्याचं गिऱ्हाईक घाई करतं, तेव्हा हे टेकू आधी उडतात. हॉटेलवाला गाळा घेणार असेल तर धुराडं कुठून जाणार हे नकाशावर आत्ताच शोधा. दादाच्या बेडरूमच्या खिडकीखालून जात असेल तर माशाच्या कढीचा वास फुकट मिळेल, पण रोज नको. फ्लॅटवाल्यांचा जिना वेगळा आहे का, दुकानांच्या गाड्या कुठे लागणार, तेही त्याच नकाशात.

रंग, टाईल्स वगैरे दादा स्वतः येऊन बघेल. त्याला तेवढंच कळतं.

पाऊस मात्र सोडू नका. जूनमध्ये काम थंडावतं आणि बघायला तोच उत्तम महिना. नैऋत्येकडून झड येते. त्या बाजूच्या भिंती, खिडक्यांच्या चौकटी आणि गच्चीखालचं छत नीट बघा. ओल उमटली तर जागेवर खडूने गोल करून तारखेसह फोटो काढा.

भोगवटा प्रमाणपत्र आल्याशिवाय किल्ली घेऊ नका. ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करायचे असतात, कळवल्यापासून तीस दिवसांत. त्यामुळे तक्रार तोंडी नको, लेखीच, आणि पोच घेऊन. पोचेची प्रत काढायला मी समोर आहेच.