हिरवा चर: काय मिळते, काय मोजावे लागते आणि खणायचा कसा

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या गटाराऐवजी गवत लावलेला उथळ चर, म्हणजे बायोस्वेल, खणायचा विचार असेल तर आधी एक हिशेब करा.

एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छपरे आणि रस्ता मिळून 1000 चौरस मीटरचे पाणी चरात येत असेल आणि तासाला 100 मिमी वेगाची सर आली, तर सेकंदाला 28 लिटर पाणी येते. खाली दिलेल्या मापाच्या 20 मीटर चरात आडव्या घातलेल्या बांधांमागे साठते सुमारे 1000 लिटर. म्हणजे पाऊण मिनिटही नाही. जुलैत जमीन तुडुंब असताना हा चर पूर थांबवेल, असे कुणी सांगितले तर मानू नका. त्याचा खरा उपयोग जूनच्या पहिल्या सरींत आहे. रस्त्यावर सात-आठ महिने साचलेले तेल, टायरची भुकटी आणि माती तो व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) जाऊ देत नाही. पुढेही गवतात अडखळून पाण्याचा वेग कमी होतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तुरळक सरी तर बऱ्याच अंशी जागीच मुरतात.

जागा कुठली?

पर्वरीसारखा सडा (जांभ्याचे पठार) आणि उताराच्या वरचा भाग उत्तम. पणजीतल्या मळा, सांतिनेजसारख्या सखल भागांत किंवा खाजनालगत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीलगत) भरतीच्या वेळी पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते. तिथे चर खणला तर डबके होईल. ऑगस्टमध्ये एक मीटर खोल खड्डा खणा. त्यात खालून पाणी वर आले तर ती जागा सोडा. घराच्या पायापासून किमान तीन मीटर अंतर ठेवा. विहीर आणि सेप्टिक टँकच्या शोषखड्ड्यापासून त्याहून जास्त. सांडपाण्याची नळी या चरात कधीही सोडू नका.

जांभा सगळीकडे सारखा पाणी पीत नाही. कुठे चाळणीसारखा, तर कुठे वरचा थर दगडासारखा घट्ट. म्हणून चराच्या तळाच्या पातळीवर 30 सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्डा काढा, दोनदा पाणी भरून जिरू द्या आणि तिसऱ्यांदा पट्टी लावून मोजा. कोरड्या खड्ड्यातले पहिले माप फसवे असते. पातळी तासाला 12 मिमीपेक्षा कमी उतरत असेल तर तळाच्या खडीत 100 मिमी व्यासाची, छिद्रे पाडलेली पीव्हीसी नळी घालावीच लागेल.

मापे आणि साहित्य

तळ 60 सेंमी, खोली 30 सेंमी, दोन्ही बाजूंना तीनास एक उतार (आडवे तीन, उभे एक). म्हणजे वरची रुंदी 2.4 मीटर. 20 मीटरला 48 चौरस मीटर जागा गेली, पाणलोटाच्या साधारण 5 टक्के. गोव्यात सगळ्यात महाग गोष्ट हीच. साहित्य त्यामानाने थोडे: तळाखाली 20 सेंमी खडी (2.4 घनमीटर) आणि त्यावर 30 सेंमी मिश्रण (3.6 घनमीटर). मिश्रणात निम्मी, म्हणजे दहात पाच भाग, जाड क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू), तीन भाग तांबडी माती, दोन भाग पूर्ण कुजलेले खत. खत याहून वाढवू नका. ते पाण्याबरोबर वाहून व्हाळात जाते. एकूण खोदाई 15 घनमीटर. तेवढ्याच लांबीच्या, आत 60 × 60 सेंमी मापाच्या झाकणबंद आरसीसी गटाराला सुमारे सात घनमीटर काँक्रीट आणि शिवाय सळई लागते. दोन्हींचे दर कंत्राटदाराकडून एकाच दिवशी घ्या, आणि चराच्या बाजूला दरवर्षीची साफसफाईही मांडा.

खडी आणि मातीमध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारे कृत्रिम कापड) घालू नका. तांबड्या मातीचा बारीक गाळ एक-दोन पावसाळ्यांत त्याला चोंदवतो. त्याऐवजी पाच सेंमी बारीक खडीचा थर द्या.

बांधणी

जानेवारी-फेब्रुवारीत खणा. जेसीबी चराबाहेर उभा राहूनच खणेल हे बघा. चाकाखाली दबलेला तळ पाणी पीत नाही. तळ पिकावाने मोकळा करा. गवंड्याची पाण्याची नळी लावून उतार ठरवा: शंभराला दोन, म्हणजे 20 मीटरला 40 सेंमी. अशा उतारावर दर साडेसात मीटरला चिऱ्यांचा 15 सेंमी उंच बांध घाला. चिरे दोन्ही काठांत 30 सेंमी आत रोवा, नाहीतर पाणी बगलेतून माती पोखरत जाते. मधला भाग टोकांपेक्षा पाच सेंमी खाली ठेवा. तळाशी एक लहान पाझर छिद्र हवेच: पाणी 24 तासांत उतरले पाहिजे. आठवडाभर साचलेले पाणी म्हणजे डासांची पैदास.

सगळ्यात जास्त चुका रस्त्याच्या काठावर होतात. गवताची पातळी रस्त्याच्या पातळीला धरली, तर वर्षभरात गाळ आणि मुळे वाढून उंबरठा तयार होतो आणि पाणी आत शिरतच नाही. काठापासून गवत पाच सेंमी खाली ठेवा, कर्बमध्ये (रस्त्याच्या उंच कडेत) 45 सेंमीची फट पाडा आणि तिथे खालच्या बाजूला दगड अंथरा. शेवटी जादा पाण्याला व्हाळ किंवा गटाराची वाट द्यायला विसरू नका.

लागवड

तळाला वाळा, त्याची मुळे खोल जातात आणि तो पावसातला चिखल व मे महिन्याची उन्हे दोन्ही सोसतो. दर मीटरला आडवी ओळ, 15 सेंमी अंतरावर एक फुटवा, म्हणजे 20 मीटरला सुमारे 100 फुटवे. काठाला दूर्वा आणि गवती चहा. मार्चच्या सुरुवातीला लावा, पाऊस येईपर्यंत एक दिवसाआड पाणी द्या. उघड्या उतारावर काथ्याची जाळी पसरा. शेजारी बांधकाम चालू असेल तर ते संपेपर्यंत पाणी आत वळवू नका. तिथली चिखलमाती एका पावसात अख्खा चर बुजवते.

देखभालीत मे महिन्याची सफाई चुकवू नका: फटींतला पाला, प्लॅस्टिक, बांधामागचा गाळ. वाळा 30-40 सेंमीवर कापा. पावसाळ्यात 24 तासांनंतरही पाणी तसेच दिसले, तर आधी पाझर छिद्र तपासा, मग वरचा पाच सेंमी गाळ काढून त्या जागी नवे मिश्रण टाका.