सुरुंग शोधायचा जुना डिटेक्टर घेऊन दर्यावर सोनं शोधायचं असेल तर

आधीच सांगतो, म्हणजे नंतर कोणी शिव्या घालायला नको. गोव्यात डोंगरात जाऊन सोनं काढायचं डोक्यात असेल तर ते सोडून द्या. खनिज सोनं १९५७ च्या खाण कायद्याखाली येतं, परवान्याशिवाय शोधकामसुद्धा करता येत नाही, आणि सत्तरीकडचा बराच भाग म्हादई अभयारण्यात आहे, तिथे फावडं घेऊन फिरताना दिसलात तर वनखातं चहा पाजणार नाही. मी बोलतोय ते वाळूतल्या सोन्याबद्दल. पाण्यात शिरल्यावर बोटं आकसतात, त्यात सनस्क्रीन चोपडलेलं, की अंगठी गेली. कानातले, गोफ, नाकातल्या चमक्या, सगळं तिथेच पडतं.

माझ्याकडचं मशीन मांद्र्याला दर हिवाळ्यात येऊन राहणाऱ्या एका म्हाताऱ्या पाहुण्याचं. त्याचे गुडघे गेले, परत न्यायचं नव्हतं, मला दिलं, वर कागदावर लिहून सही करून दिली. हा कागद महत्त्वाचा आहे हां, मिलिटरीचा हिरवा रंग बघून पोलीस पहिला प्रश्न तोच विचारतात, कुठून आणलं. कागद नसलेला मिलिटरी माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आता मिलिटरीचाच का. हातात धरून सुरुंग शोधायचं यंत्र दुसऱ्या महायुद्धात वापरात आलं, १९४१ साली स्कॉटलंडमध्ये असलेल्या यूझेफ कोसात्स्की नावाच्या पोलिश लेफ्टनंटने बनवलं आणि १९४२ ला इजिप्तमधल्या अल अलामीनच्या लढाईत ते वापरलं. तेव्हाचे सुरुंग म्हणजे लोखंडी डबे. नंतर सुरुंग प्लॅस्टिकचे झाले, आत धातू म्हणजे टाचणीएवढी पिन नाहीतर डिटोनेटरची बारकी नळी, म्हणून पुढचे डिटेक्टर एवढ्याशा धातूलाही ओरडतील असे बनवावे लागले. ऑस्ट्रियाच्या शीबेलचा एएन-१९/२ त्यातलाच, अमेरिकन आर्मीनेही तो वेगळ्या नावाने घेतला होता. टाचणी ऐकणारं यंत्र कानातली कुडीही ऐकणार, एवढं साधं गणित. पण सुरुंगवाल्याला प्रत्येक धातू संशयितच, त्यामुळे सोनं, बिअरचं बूच आणि कॅनची कडी यातला फरक हे यंत्र सांगत नाही. कोणी 'ह्यात सोन्याचा मोड बसवून देतो' म्हणाला तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

नंतरची बरीच मिलिटरी यंत्रं पल्स इंडक्शनची. कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या गुंडाळीत, करंट सोडायचा, झटक्यात तोडायचा आणि मग गप्प बसून ऐकायचं. जमिनीत धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे करंट फिरतात आणि विरतात, ते विरणं आपल्याला ऐकू येतं. जाड तांब्यात उशिरा विरतात, पातळ सोन्यात काही मायक्रोसेकंदात संपतात. म्हणून करंट तोडल्यावर ऐकायला किती उशीर करतो, ज्याला डिले म्हणतात, त्यावर बारकं सोनं सापडतं की नाही ते ठरतं. १० ते १५ मायक्रोसेकंदाचा डिले असेल तर कुडी ऐकू येईल, तो बराच वाढला तर नाणं ऐकू येईल आणि कुडी नाही. नाजूक साखळी तर असल्या यंत्राला पण जड जाते, कारण प्रत्येक कडी सुटी, करंट त्या चिमुकल्या कडीतच फिरून मरतो. किलोभर कचरा उचलाल आणि दोन तोळ्यांच्या साखळीवरून चालत जाल, असं होतं.

मॉडिफिकेशनची सुरुवात बॅटरीपासून करा. जुन्या मिलिटरी मालाचा नव्वद टक्के आजार तिथेच असतो. माझ्या मशीनचं झाकण उघडलं तर आत पांढरी-हिरवी बुरशीसारखी साय, कोणीतरी सेल आत विसरून पेटी बंद केलेली. लिंबाच्या रसात बुडवलेला जुना टूथब्रश घेऊन घासलं, फसफसलं, मग पाण्याने पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडं केलं आणि स्प्रिंगवर बारीक पॉलिशपेपर मारला. अर्धी मशीनं एवढ्यावरच चालू होतात.

माझं चार मोठ्या टॉर्चच्या सेलवर चालतं, म्हणजे ६ व्होल्ट. मी शहाणपणा करून दोन लिथियम सेल सिरीजमध्ये सरळ जोडले, फुल चार्ज असताना ते ८.४ व्होल्ट होतात हे डोक्यातच आलं नाही, आतला रेग्युलेटर गेला, नशीब तेवढ्यावर भागलं. मग व्होल्टेज कमी करणारं स्वस्त स्विचिंग मॉड्यूल लावलं तर हेडफोनमध्ये अखंड किर्रर्र, कारण ते मॉड्यूल स्वतःच आवाज करतं आणि आपली कॉइल तो ऐकते. शेवटी पाच रिचार्जेबल निकेलचे सेल सिरीजमध्ये लावले, प्रत्येकी १.२, बरोबर ६ व्होल्ट, ना मॉड्यूल ना किरकिर. लिथियमच हवं असेल तर लिनिअर रेग्युलेटर लावा, तो स्विचिंग न करता व्होल्टेज कमी करतो, म्हणून किरकिर नाही. तो थोडा तापतो, तापू दे.

दुसरं हेडफोन. मिलिटरीचा हेडफोन हेल्मेटखाली घालायचा, त्याची पिन जगात कुठे मिळत नाही. मूळ हेडफोनचा रेझिस्टन्स मीटरने मोजा आणि साधारण तेवढ्याच रेझिस्टन्सचा कान पूर्ण झाकणारा हेडफोन शोधा, मग नेहमीचा जाड जॅक बसवा. ब्लूटूथ नको, आवाज उशिरा येतो आणि तोवर कॉइल पुढे गेलेली असते.

आता कॉइल, ज्यात लोकांना सगळ्यात जास्त मजा येते आणि सगळ्यात जास्त मशीनं बिघडतात. मिलिटरीचं डोकं, म्हणजे खालची कॉइलवाली थाळी, साधारण १० इंचाच्या आसपास, मोठं, बारक्या सोन्याला ८ इंची जास्त बरी. पण आधी मूळ डोक्यात एकच गुंडाळी आहे की पाठवायची वेगळी आणि ऐकायची वेगळी, ते बघा. वेगळ्या असतील तर घरगुती कॉइलच्या नादाला लागू नका, मूळ डोकंच वापरा. एकच असेल तर एलसीआर मीटरने (कॉइल मोजायचा मीटर) तिचा इंडक्टन्स मोजा, पुष्कळ ठिकाणी ३०० मायक्रोहेन्रीच्या जवळपास भरतो. प्लायवूडवर ८ इंचाचं वर्तुळ काढा, त्यावर बिनडोक्याचे खिळे मारा, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून अर्ध्या एमएमची वाइंडिंग वायर आणा, सुमारे २५ वेढे द्या. १६ मीटर वायर लागते, २० घ्या. वेढा थोडा जास्त घालून मीटर लावत लावत कमी करायचा, उलटं करायला गेलात तर वायर जोडत बसाल. टेपने एकदम आवळून बांधा, वेढे आत हलले तर मशीन उगाच भुंकतं.

कॉइल भरायला फायबरचं रेझिन लागतं, ते शोधत ऑनलाइन जायची गरज नाही, मालीमच्या जेटीकडे होड्यांचं फायबरकाम करणारे आहेत, त्यांच्याकडे वाटीभर मागा. एकदम ओतू नका, तापतं, दोन थरात ओता. दांड्याला जोडायला लोखंडी बोल्ट चालणार नाही हे उघड आहे, तर हार्डवेअरवाल्याकडे कमोडच्या सीटचे प्लॅस्टिकचे बोल्ट मिळतात ते घ्या. दुकानदार हसेल, हसू दे. केबल मात्र बघून घ्या, साध्या कोअॅक्स केबलची कपॅसिटन्स दर मीटर लांबीला १०० पिकोफॅरडच्या घरात असते आणि ती कॉइलला मंद करते, आरजी-६२ जातीच्या केबलची त्याच्या निम्म्याहून कमी.

कॉइल बदलली की डॅम्पिंग रेझिस्टर बघावा लागतो. करंट तोडल्यावर कॉइल देवळातल्या घंटेसारखी वाजत राहते आणि आपण घंटेला हात लावून थांबवतो, तो हात म्हणजे हा रेझिस्टर. कमी ओहम लावले तर कॉइल आळसावून निवते, जास्त लावले तर घणघणत राहते. बहुतेक ४७० ते १००० ओहममध्ये कुठेतरी जमतं. तात्पुरता २ किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, लावून ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) बघत फिरवा, घणघण जेमतेम थांबली की मोजून तेवढाच पक्का रेझिस्टर टाका. आणि बोटं लांब ठेवा. बॅटरी ६ व्होल्टची असली तरी करंट तुटताना कॉइलवर काहीशे व्होल्टचा झटका येतो, ऑसिलोस्कोपचा प्रोब व्होल्टेज दहापट नाहीतर शंभरपट कमी करून देणाराच लावा. मेन बोर्डावर डिले वगैरे बदलायचं असेल तर सर्किट डायग्राम हातात असेल तरच, माझं मत म्हणजे हातच लावू नका. डायग्राम नसताना बोर्ड खुरपणाऱ्यांची मशीनं मी भंगारात बघितली आहेत.

बाहेर पडायच्या आधी घरच्या अंगणात एक खेळ करून बघा. जांभ्याचा एक तुकडा कॉइलसमोरून फिरवा. काही तुकड्यांना मशीन गप्प राहतं, काहींना धातू असल्यासारखं गुणगुणतं. जांभ्यात लोहाचे इतके बारीक चुंबकीय कण असतात की करंट तुटल्यावर त्यांनाही शांत व्हायला वेळ लागतो, आणि आपलं मशीन नेमकं तेच ऐकत असतं. म्हणून किनाऱ्यावर जिथे डोंगराचा जांभा उतरून वाळूत आलाय तिथे सेन्सिटिव्हिटी कमी करून फिरा. ओली खारट वाळू आणि काळ्या वाळूचे पट्टे मात्र पल्सवाल्याला फारसे त्रास देत नाहीत, बाजारातले साधे डिटेक्टर तिथेच रडतात.

आवाज एकदम बंद ठेवू नका, रात्री खोलीत एकच मच्छर आहे एवढा बारीक ठेवा, तो किंचित हलला की थांबा. कॉइल वाळूपासून दोन बोटं वर, सावकाश, प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीवर अर्धी चढवून. घाई केली तर मशीन काढतं त्या सरासरीत बारकी वस्तू विरून जाते. मोबाइल गाडीत ठेवा, खिशात नाही. आवाज आला की फुलीसारखं दोन्ही दिशांनी फिरवून मध्य पकडा, लांब खिळा असेल तर एका दिशेने बहुतेक दोनदा वाजतो. अंगठी वीतभर, नशीब असेल तर त्याहून थोडी खोल, त्यापुढे आशा नको.

कुठे शोधायचं हे मला मशीनने नाही, एका रांपणकाराने, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, शिकवलं. जुलैतली गोष्ट, उधाणाने वाळू ओढून नेलेली, ओहोटीला मी वर सुक्या वाळूत फिरतोय आणि म्हातारा बसून बघतोय. "कितें सोदता रे बाबा? भांगर?" भांगर म्हणजे सोनं, मी हो म्हटलं. "जाळ्याचें शिशें जंय मेळटा थंय पळय. मेळ्ळें जाल्यार आमकांय सांग." म्हणजे जाळ्याचं शिसं जिथे मिळतं तिथे बघ, मिळालं तर आम्हालाही सांग. खाली एका चरीत गेलो तर खरंच शिशाच्या गोळ्या, मग गंजलेली नाणी, एक चावी, आणि त्यांच्याच रांगेत दगडगोट्यांखाली चपटी झालेली एक अंगठी. दर्या वजनाने निवडतो. वाळू २.६५ घनतेची, शिसं ११.३, २२ कॅरेट सोनं साधारण १७.८, त्यामुळे हलकं वाहून जातं आणि जड जड एका ओळीत कठीण थरावर बसतं. शिसं लागलं की पाय आवरायचे आणि तिथेच इंच इंच फिरायचं. जून ते ऑगस्टमध्ये वादळानंतर, अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला हे सगळ्यात चांगलं दिसतं, पण पाण्यात उतरू नका, पावसातला दर्या अंगठीच्या लायकीचा नाही. मेअखेर शॅक काढले की त्यांच्या जमिनीची जागाही चांगली असते, मालकाला विचारून जा, त्याचंही काहीतरी हरवलेलं असतंच.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात, हिवाळ्यात तिथे खड्डा खणायचा नाही, कुंपण दिसो न दिसो. जुन्या गोव्यातली चर्चेस, किल्ले, संरक्षित जागा, तिथे मशीन गाडीतून बाहेरच काढू नका. पुरलेलं जुनं काही मिळालं आणि किंमत १० रुपयांच्या वर असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं, हो, दहाच रुपये, आकडा अजून तोच आहे. आत नाव किंवा तारीख कोरलेली अंगठी मिळाली तर मालक शोधायचा प्रयत्न करा आणि पोलिसात नोंद द्या, न शोधता ठेवून घेणं गुन्ह्यात बसतं. आणि तोफगोळ्यासारखं, काडतुसासारखं काही दिसलं तर मिलिटरीचा डिटेक्टर हातात आहे म्हणून आपण मिलिटरी झालो असं समजू नका, खूण करा, मागे व्हा, ११२ ला फोन लावा.

प्रत्येक खड्डा बुजवा, बुचं आणि कड्या एका पिशवीत घरी न्या, नाहीतर उद्या तुम्हीच परत त्याच बुचावर वाकाल. घरी आल्यावर कॉइल आणि दांडा गोड्या पाण्याने धुवा, केबलची जोडणी पुसून सावलीत वाळवा, आणि सेल काढून ठेवा, माझ्या मशीनची ती हिरवी साय आठवून.