घारापुरीला गेलात तर तोफेपर्यंत चढा

मुंबईच्या गेटवेहून लाँचने घारापुरी, म्हणजे एलिफंटा लेण्यांचं बेट, तासाभरावर. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा तो वार टाळाच. धक्क्यावर उतरल्याबरोबर शेवटची लाँच कितीची ते विचारून घ्या आणि दिवसाचा हिशोब तिथून उलटा मांडा. शंभराहून जास्त पायऱ्या चढायच्या आहेत; चपला नकोत, बूट घाला. बहुतेक मंडळी तीन मुखांचा सदाशिव बघितला की परत फिरतात. तुम्ही टेकडीच्या माथ्यावरच्या जुन्या तोफेपर्यंत जा. वाट सोपी आहे, गर्दीही कमी. समोरच्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, पण वेळ हाताशी असेल तरच. खाऊची पिशवी हातात धरू नका, सॅकमध्ये टाकून चेन लावा. माकडं सरबताची बाटलीसुद्धा सोडत नाहीत, आणि झाकण बरोबर उघडतात!