नव्या तपास अंमलदारांनो, आधी घड्याळ तपासा

लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन, नाशिकच्या प्रबोधिनीतील प्रशिक्षण संपवून जे परिविक्षाधीन उपनिरीक्षक आता पोलीस ठाण्यांत रुजू होत आहेत, त्यांना कायद्याची कलमे येतात हे मी गृहीत धरते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, आणि तुम्ही थेट तेच शिकून आलात, हा तुमचा मोठा फायदा आहे. आम्हाला जुने विसरून नवे शिकावे लागले. बँक खाते गोठवण्याचे पत्र लिहिताना माझ्या हातून आजही आधी जुन्या संहितेतले कलम ‘१०२’ लिहिले जाते आणि मग ते खोडून नव्या संहितेतले ‘१०६’ करावे लागते.

सायबर गुन्हे म्हणजे सायबर पोलीस ठाण्याचे काम, अशी समजूत घेऊन येणाऱ्यांना ठाण्यात पहिल्याच आठवड्यात धक्का बसतो. शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीत कोणीतरी मोबाइलवर चित्रीकरण केलेले असते, अपघातात टोलनाक्याचा कॅमेरा असतो, घरफोडीत सराफाच्या दुकानाचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारे यंत्र असते आणि मुलगी बेपत्ता झाली की पहिली मागणी सीडीआरची, म्हणजे मोबाइल कंपनीकडील कॉलच्या नोंदींची होते. डिजिटल पुरावा नाही असा गुन्हा आता शोधावा लागेल. त्यातच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक झाले आहे, आणि कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी येण्याची तरतूद झाली आहे. मनुष्यबळ मात्र तेच आहे. सकाळी मिरवणुकीचा बंदोबस्त, दुपारी न्यायालय आणि रात्री दोषारोपपत्राची मुदत, अशा दिवसात हे सर्व बसवायचे आहे. हे ऐकून घाबरू नका. संगणकाचे शिक्षण नसलेल्या माझ्यासारख्या कला शाखेच्या पदवीधरालाही ते जमते.

डिजिटल पुराव्यासोबत जोडाव्या लागणाऱ्या, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राविषयी तुम्हाला सगळेच बजावतील, म्हणून मी थोडक्यात सांगते. खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून निघालेला खटला आपल्याच राज्यातला, आणि त्यातच सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जुन्या पुरावा कायद्यातील कलम ६५-ब चे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. मूळ उपकरणच न्यायालयात सिद्ध केले तर ते लागत नाही, एवढाच अपवाद. नव्या कायद्यात त्या प्रमाणपत्राचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग असून त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा जणू बोटाचा ठसा असलेला संकेतांक, नमूद करावे लागते. नमुना अधिनियमाच्या अनुसूचीतच आहे, तो तिथूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणारे तयार नमुने वापरू नका. त्यांत कोणाच्या तरी जुन्या गुन्ह्याचा क्रमांक हमखास राहून गेलेला असतो.

ज्याविषयी कोणी बजावत नाही ती गोष्ट आहे वेळ. प्रत्येक यंत्राचे घड्याळ वेगळे असते, आणि दोन यंत्रांच्या वेळा एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय कागदावर आणल्या तर आपलाच पुरावा आपल्या विरुद्ध साक्ष देतो. एका घरफोडीच्या तपासात मला याची झळ बसली. समोरच्या दुकानाच्या चित्रीकरणात आरोपी स्पष्ट दिसत होता आणि त्याच्या मोबाइलचे टॉवर लोकेशनही त्याच रात्री त्याच परिसरात होते. दोन्ही पुरावे पक्के वाटत होते. परंतु डीव्हीआरचे घड्याळ बावीस मिनिटे पुढे होते आणि पंचनाम्यात पडद्यावर दिसणारी वेळच जशीच्या तशी लिहिली गेली होती. परिणामी चित्रीकरणात आरोपी ज्या मिनिटाला दारात उभा होता, त्याच मिनिटाला सीडीआर त्याला पलीकडच्या गावात दाखवत होता. उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी फक्त दोन कागद शेजारी ठेवले. घड्याळ चुकीचे होते हे आम्हाला सिद्ध करता आले असते, पण मधल्या काळात कॅमेऱ्याच्या तंत्रज्ञाने दुकानदारावर उपकार म्हणून ते घड्याळ बरोबर लावून दिले होते. संशयाचा फायदा आरोपीला मिळाला.

म्हणून कोणत्याही डीव्हीआरसमोर बसलात की चित्रीकरण पाहण्याआधी एवढे करा. नेटवर्कवरून वेळ घेणारा मोबाइल त्या पडद्याशेजारी धरा, दोन्ही घड्याळे एकाच चौकटीत येतील असे छायाचित्र पंचांसमक्ष काढा आणि डीव्हीआर किती मिनिटे, किती सेकंद पुढे किंवा मागे आहे हे पंचनाम्यात शब्दांत लिहा. तारीखही तपासा, कारण आतील बॅटरी संपलेली असेल तर वीज गेल्यानंतर ते यंत्र भलत्याच वर्षात जाऊन बसते. घड्याळ दुरुस्त करू नका आणि मालकालाही करू देऊ नका. फरकाची नोंद आणि ताबा पूर्ण होईपर्यंत ते चुकीचेच राहिलेले बरे. हे सर्व त्याच दिवशी करा, कारण हार्ड डिस्क भरली की जुने चित्रीकरण आपोआप पुसले जाते, आणि ‘उद्या बंदोबस्त संपल्यावर जाऊ’ म्हणणाऱ्यांना नंतर रिकामी डिस्क जप्त करावी लागते.

समाजमाध्यमांच्या कंपन्यांकडून येणाऱ्या माहितीत हाच घोळ अधिक धोकादायक रूपात असतो. त्यांची उत्तरे बहुधा यूटीसी या जागतिक वेळेत असतात आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. समजा, बनावट खात्यावरून धमकी देणाऱ्याने १४ मार्चला १९:१० यूटीसी या वेळी लॉग-इन केले, असे उत्तर आले. आपल्या घड्याळात तेव्हा १५ मार्च उजाडलेला असतो आणि मध्यरात्रीनंतरचे १२ वाजून ४० मिनिटे झालेली असतात. तास बदलतात हे बहुतेकांच्या लक्षात येते. तारीखही बदलते हे घाईत सुटते. यूटीसीचे साडेसहा वाजले, म्हणजे १८:३० झाले, की आपल्याकडे दुसरा दिवस सुरू होतो, एवढे मेजावर चिकटवून ठेवा. एखाद्या उत्तरात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ असली तर आणखी जपा, कारण तिथे हंगामानुसार घड्याळ तासभर सरकवतात आणि आपल्याशी असलेला फरक कधी साडेतेरा तर कधी साडेबारा तासांचा होतो.

त्या उत्तरात लॉग-इनचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक असतो. आता पुढचे पत्र मोबाइल कंपनीला जाते: हा आयपी पत्ता या वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता? आयपी पत्ते सतत बदलत असल्यामुळे वेळ चुकली तर कंपनी तुम्हाला अत्यंत प्रामाणिकपणे दुसऱ्याच माणसाचे नाव देते. वेळ बरोबर असली तरीही मोबाइल इंटरनेटवर एकच सार्वजनिक पत्ता एका क्षणी अनेक ग्राहक वापरत असतात, म्हणून त्यांतली नेमकी जोडणी ओळखणारा सोर्स पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ दिल्याशिवाय उत्तरात एका नावाऐवजी लांबलचक यादी येते. या चुकीची किंमत कोण मोजतो? २००७ साली बेंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावरील छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुणे पोलिसांनी अटक केली. आयपी पत्त्याची माहितीच चुकीची होती आणि त्या निरपराध माणसाने सुमारे पन्नास दिवस तुरुंगात काढले. ग्राहकाचे नाव हाती आले म्हणजे आरोपी मिळाला, असे समजून गाडी काढणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण आठवावे. नाव मिळाल्यावरही वायफाय कोणाचे, सिमकार्ड खरोखर कोण वापरते आणि घरात कोण कोण राहते, हे पाहावेच लागते.

याला जोडूनच एक क्षुल्लक वाटणारी सूचना. सीडीआर किंवा बँकेचे विवरण एक्सेलमध्ये थेट उघडू नका. दिवस आणि महिना यांची अदलाबदल होऊन ३ एप्रिलचा ४ मार्च होऊ शकतो, खाते क्रमांकाच्या आरंभीची शून्ये गळतात आणि पंधरा अंकांपुढील अंकांच्या जागी शून्ये येतात. आधी तो स्तंभ मजकूर म्हणून घ्या आणि मूळ फाइलला हात लावू नका.

आर्थिक फसवणुकीत वेळ वेगळ्या अर्थाने महत्त्वाची आहे. व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचे भासवून भामट्यांनी केलेली ‘डिजिटल अटक’ झाली म्हणून रडत आलेल्या निवृत्त शिक्षकाला ‘सायबरला जा’ असे सांगून परत पाठवू नका. अशी अटक कायद्यात अस्तित्वात नाही, हे त्यांना नंतर समजावता येईल. आधी तुमच्याच मेजावरून १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर तक्रार नोंदवून घ्या, कारण पैसे तासाभरात अनेक खात्यांतून फिरून एटीएममधून बाहेर पडलेले असतात.

तंत्रज्ञान आहे म्हणून ते सर्वत्र वापरायचे नसते, हेही सांगितले पाहिजे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणून निश्चिंत झालेले अधिकारी मी पाहिले आहेत. तिथे शिपायाला कागद घेऊन दारापर्यंतच जावे लागते.

मार्गदर्शकांविषयी माझे मत थोडे कडवट आहे. सुटीच्या दिवशी शुल्क घेऊन ‘सायबर तज्ज्ञ’ घडवणारे वर्ग तुम्हाला साधनांची नावे शिकवतात. जप्त मोबाइल मुद्देमालात कसा नोंदवायचा, हे मात्र त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसते. ते मुद्देमाल कारकुनाला ठाऊक असते, त्यांच्याजवळ बसा. दोषारोपपत्र पाठवण्याआधी सरकारी अभियोक्त्यांना फाइल दाखवा आणि त्यांचे टोमणे सहन करा. तेच प्रश्न न्यायालयात ऐकण्यापेक्षा ते सोपे असते. राज्याने २०२४ साली नागपुरात ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीची यंत्रणा उभी केली असून अशी साधने हळूहळू ठाण्यांपर्यंत येतीलच. ती जरूर वापरा, हजारो ओळींचा सीडीआर डोळ्यांनी चाळण्यात काहीही शौर्य नाही. परंतु त्यांनी काढलेला निष्कर्ष केस डायरीत लिहिण्यापूर्वी त्यामागची मूळ नोंद स्वतः उघडून पाहा, कारण साक्षीच्या पिंजऱ्यात ते साधन उभे राहणार नाही.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या ठाण्याच्या कॅमेऱ्यांचे घड्याळही तपासा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचे आणि चित्रीकरण १८ महिने जपण्याचे निर्देश दिले. कोठडीत मारहाण झाल्याचा आरोप उद्या तुमच्यावर झाला, तर तेच चित्रीकरण आणि तुमच्या हाताची स्टेशन डायरीतील नोंद शेजारी ठेवली जाईल. त्या दोहोंत दहा मिनिटांचा फरक असेल तर तो आजच प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि कळवल्याची नोंद स्टेशन डायरीत वेळेसह घ्या.