रातराणी फुलत नाही? या चुका टाळा

दोन वर्षं आमच्या रातराणीनं मला नुसता पाला दाखवला. पानं लांब, तुकतुकीत, हिरवीगार. फांद्या पार वरच्या मजल्याच्या कठड्याला टेकलेल्या, आणि फूल एकही नाही. बोळाच्या पलीकडं काकूंच्या गंजक्या तेलाच्या डब्यातली काटकुळी रातराणी मात्र रात्री साडेनऊनंतर अख्खा बोळ भरून टाकायची. मी झाडाला काय काय घालतोय ते एकदा काकांना सांगितलं: शेणखत, साखर कारखान्याच्या मळीचं खत, वर दर पंधरा दिवसांनी चमचाभर युरिया. काका म्हणाले, "झाड पाळलंयस का म्हैस?"

चूक तिथंच होती. नत्र जास्त झालं की रातराणी पाल्यातच रमते. कोल्हापुरात शेणखत आणि मळी दोन्ही हाताशी, त्यामुळं आपला हात सैल सुटतो. झाड असं माजलं असेल तर एक हंगाम खत पूर्ण बंद ठेवा. पुढं चौदा इंची कुंडीला वर्षातून दोनदा दोन-दोन मुठी कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरते. युरियाला हात लावू नका.

कात्रीला घाबरणं

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि मायेपोटी होते. रातराणीला फुलांचे घोस येतात ते नव्या फुटीवर. जुनी फांदी नुसती लांबत जाते, खालून उघडी पडते आणि वर शेंड्याला चार फुलं देते. ती फुलंही गच्चीवरच्या माणसांना, अंगणातल्यांना नाहीत.

थंडी सरताना, फेब्रुवारीच्या शेवटी, मी धीर करून झाड कमरेएवढं ठेवलं. बायको दोन दिवस बोलली नाही. पंधरा दिवसांत प्रत्येक डोळ्यातून, म्हणजे फांदीवरच्या कोंबाच्या जागेतून, पोपटी फूट निघाली आणि मे महिन्यात पहिला बहर आला. तेव्हापासून नियम ठरला: मोठी छाटणी वर्षातून एकदा, आणि प्रत्येक बहर ओसरला की फुलून गेलेल्या फांद्या तिसरा हिस्सा कमी करायच्या. काप डोळ्याच्या जरा वर, तिरका. जुलैच्या झडीत मात्र मोठी छाटणी नको. ओल्या कापातून फांदी काळी पडत खाली कुजत येते.

छाटलेल्या काड्या टाकू नका. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी घ्या, खालची पानं काढा आणि जूनमध्ये सावलीत खोचा. सहज लागते.

पानं पिवळी पडतात, पण कुठली?

"पानं पिवळी पडली" म्हटलं की लोक आधी पाणी घालतात. थांबा, आधी पान बघा. खालची जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील आणि माती बोटाला चिकट लागत असेल, तर पाणी जास्त झालंय. कुंडीखालची ताटली जूनमध्येच काढून ठेवा, भोक तुंबलं असेल तर काडीनं मोकळं करा. वरची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. शिरोळकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत किंवा बोअरच्या जड पाण्यावर हे दिसतं. तिथं चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची फवारणी करा आणि चुलीतली राख घालू नका, राखेनं दुखणं वाढतं. पन्हाळ्याकडच्या तांबड्या मातीत हा त्रास सहसा नसतो.

2019 आणि 2021च्या पुरात ज्यांच्या अंगणात पंचगंगा आली, त्यांनी आणखी एक गोष्ट अनुभवली असेल. पाणी ओसरल्यावर बुंध्याशी गाळाचा थर बसतो, वाळून गिलाव्यासारखा कडक होतो आणि मुळांची हवा कोंडते. तो थर खरवडून काढायचा, आळं हलकं भुसभुशीत करायचं आणि नवी फूट दिसेपर्यंत खत घालायचं नाही.

झाड वेगळंच, किंवा जागा चुकलेली

रोपवाटिकेतून रातराणी म्हणून कधी कधी 'दिन का राजा' गळ्यात पडतो. त्याची फुलं पांढरीशुभ्र, वास दिवसा, फळं पिकली की काळी. रातराणीची फुलं हिरवट पिवळसर, बारीक नळीसारखी, आणि फळं पांढरी. खरी रातराणी असूनही दुपारी फूल नाकाला लावून "हिला वासच नाही" म्हणणारे भेटतात. फुलांचं घड्याळ आतलंच असतं, दिवसा अंधाऱ्या खोलीत ठेवली म्हणून ती फसत नाहीत.

ऊन पाच-सहा तास हवं. पेठेतल्या जुन्या घरांच्या मागच्या चौकात ते मिळत नाही, तिथं कुंडी सरळ गच्चीवर न्या. आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली तर लावूच नका. बहरात तो वास काहींचं डोकं उठवतो, दमेकऱ्याला त्रास होऊ शकतो. फाटकाजवळ, दहा-पंधरा पावलांवर लावलेली बरी.

रातराणीच्या वासानं साप येतो असं लोक म्हणतात, पण साप वासानं येत नाही. बुंध्याशी पालापाचोळा साठला, उंदीर-बेडूक आले, की त्यांच्यामागं तो येतो. खालच्या वीतभर फांद्या काढून बुंधा उघडा ठेवला की झालं.

कोवळ्या शेंड्यावर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण आणि मुंग्यांची रांग दिसली, तर पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणपाणी मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा.

आता छाटलेल्या ढिगाचं. रातराणी वांगी, तंबाखू, धोतऱ्याच्या कुळातली, आणि सगळं झाड विषारी. पांढरी फळं लहान पोरांना मोत्यासारखी दिसतात, ती पिकायच्या आधीच तोडून टाका. कुणी खाल्लीच तर वाट न बघता दवाखाना गाठा. आणि हिरवा पाला दिसला म्हणून तो ढीग गोठ्यात म्हशीपुढं किंवा शेळीपुढं टाकू नका. आमच्याकडं तो खड्ड्यात जातो, वर माती.