सोलापुरातल्या बूथचा कल कसा वाचायचा

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून ‘सोलापूर शहर मध्य’ या विधानसभा मतदारसंघाचा नमुना २० (फॉर्म २०, म्हणजे अंतिम निकालपत्रक) उतरवून घ्या, २०२४च्या लोकसभेचा आणि विधानसभेचाही. त्यात केंद्रनिहाय मते असतात. आधी टक्के काढा, नाहीतर कमी मतदान झालेला बूथ उगाच फिरलेला दिसतो.

बहुतेकांची गाडी अडते ती केंद्र क्रमांकावर. केंद्रे वाढली की क्रमांक सरकतात आणि भलत्याच पेठेशी तुलना होते. म्हणून मतदार यादीतली शाळा आणि तिथला भाग पाहूनच जोड्या लावा. टपाली मते वेगळी ठेवा.

त्या वर्षी लोकसभेला काँग्रेसच्या प्रणिती शिंदे जिंकल्या, विधानसभेला इथे भाजपचे देवेंद्र कोठे. तेव्हा एकाच निकालावरून बूथवर पक्षाचा शिक्का मारू नका.