जमीन तुमची, आभाळ किती तुमचं?

अमेरिकेत गावाबाहेर पाच-दहा एकर घेऊन राहायला आलात की पहिल्याच उन्हाळ्यात डोक्यावरून एखादं हौशी विमान घरघरत जाईल. ‘आमच्या जागेवरून कसा काय जातो?’ असा संताप होतो. माझाही झाला होता.

इथे जमिनीच्या मालकीत वरचं आभाळ धरलेलं नाही. १९४६ सालचा कॉझबी खटला माहीत असू द्या. नॉर्थ कॅरोलिनात कोंबड्या पाळणाऱ्या या कुटुंबाच्या जागेवरून लष्करी विमानं ८३ फुटांवरून जायची. दीडशेच्या आसपास कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटून मेल्या. जमिनीच्या वापरासाठी लागते तेवढी वरची जागा मालकाची, असं सुप्रीम कोर्टाने मान्य केलं. त्यावरचं आकाश मात्र सगळ्यांना खुलं.

साध्या विमानाने दाट वस्तीवर आजूबाजूच्या सर्वांत उंच अडथळ्याच्याही १००० फूट वर राहायचं, इतरत्र ५०० फूट. विरळ वस्तीत उंचीची अट नाही, पण माणूस, गाडी, घर यांपासून ५०० फूट अंतर हवंच. उतरताना-उडताना यात सूट असते, म्हणून जागा घेण्याआधी जवळ धावपट्टी आहे का ते बघा. पॅरामोटर (पाठीवर इंजिन-पंखा बांधून छत्रीच्या आधारे उडायचं साधन) आणि अल्ट्रालाइट (एका माणसाचं अगदी हलकं विमान) यांचे नियम वेगळे. त्यांना फुटांची मर्यादा नाही, नोंदणी क्रमांकही नाही. दाट वस्तीवर उडायचं नाही आणि खालच्यांना धोका होऊ द्यायचा नाही, ही मुख्य बंधनं.

काही झालं तरी बंदूक किंवा लेझर वर रोखू नका. विमानावर गोळी झाडणं आणि लेझर मारणं, दोन्ही केंद्रीय गुन्हे आहेत. नुसत्या लेझरला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नव्या माणसाने तर हा धोका अजिबात पत्करू नये. त्यापेक्षा तारीख, वेळ, दिशा लिहून ठेवा. घराचं छप्पर किंवा झाड चौकटीत येईल असा व्हिडिओ घ्या, नाहीतर उंची सिद्ध होत नाही. शेपटीजवळचा क्रमांक दिसला तर टिपा. मग एफएए, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय विमान वाहतूक खात्याच्या, जवळच्या कार्यालयात तक्रार करा.

पण आधी माणूस गाठा. आमच्याकडे एका रविवारी पॅरामोटर इतका खाली आला की वैमानिकाच्या बुटाचे तळवे दिसले. शेळ्या बिथरून कुंपणाकडे धावल्या, एकीचा पाय तारेत अडकून सोलवटला. तो जिथून उडतो त्या माळावर गेलो, मोबाईलवर तो पाय दाखवला. खाली जनावरं आहेत हे त्याला ठाऊकच नव्हतं. आता तो ओढ्यापलीकडून वळतो, आणि शेळ्या व्यायला आल्या की मी त्याला आधी फोन करतो.